‘होतो’, ‘बनतो’ की ‘होऊन राहिला’?

धरमपेठवाली
एका क्रियापदावर दोन दिवस अडून बसले आहे. आमच्या वाचनगटाच्या अंकासाठी ‘बेटर कॉल सॉल’ या मालिकेवर लिहिते आहे. २०१५ ते २०२२, सहा सीझन, ६३ भाग. या उन्हाळ्यात दुपारभर कूलरसमोर बसून सगळे पाहिले. ‘ब्रेकिंग बॅड’ या आधीच्या मालिकेत गुन्हेगारांचा वकील सॉल गुडमन भेटतो ना, भडक कोटातला, तो आधी जिमी मॅकगिल नावाचा धडपड्या वकील होता, त्याची ही गोष्ट. माझं वाक्य असं: ‘जिमी हळूहळू सॉल बनतो.’ अंक तपासणारी माझी मावसबहीण पुण्याची. तिनं ‘बनतो’ खोडून ‘होतो’ केलं आणि समासात लिहिलं, ‘हिंदी’.

मला ‘होतो’ पटत नाही. संध्याकाळ होते, माणूस म्हातारा होतो. त्यासाठी कोणाला काही करावं लागत नाही. जिमीनं सॉल स्वतःच्या हातानं उभा केला आहे. मग ‘बनतो’ चुकीचं कसं? आणि जाता जाता, प्रीक्वेलला ‘पूर्वकथा’ म्हणावं की ‘पूर्वरंग’?

कोथरूडकर
बहिणीचं बरोबर आहे. भाजी होते, मुलगी डॉक्टर होते, मुलगा बाप होतो. ‘भाजी छान बनली’ हे जाहिरातींच्या भाषांतरातून घरात शिरलं आणि आता मुलांना त्यात काही खटकत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. ‘होणे’ इतकं समर्थ क्रियापद हाताशी असताना दुसरं कशाला? हळूहळूपण हवं असेल तर ‘जिमी सॉल होत गेला’ म्हणा. ‘हळूहळू’ हा शब्दही वाचेल.

महालकर
कोथरूडकर, तुमच्याकडे ते जाहिरातीतून आलं असेल. आमच्याकडे आजीच्या तोंडी होतं. ‘त्या दोघा भावांचं बनत नाही’ हे मी नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात लहानपणापासून ऐकत आलो. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. कचेरीत, बाजारात, शाळेत हिंदी आणि मराठी मांडीला मांडी लावून बसत. आम्ही ती भाषा कोठून उचलून आणली नाही, तिच्यात वाढलो. समासात ‘हिंदी’ असा शेरा दिसला की आमच्या आज्या परक्या ठरतात. ते लागतं.

काळा कोट
ताई, ‘बनणे’चं गोत पाहा. बनाव, बनावट, बनेल, बनवाबनवी, ‘मला बनवू नकोस’. हिंदीत शरीराच्या ठेवणीलाही ‘बनावट’ म्हणतात, त्यात खोटेपणा असेलच असं नाही. मराठीत बनावट म्हटलं की नोट, सही, दस्तऐवज. शब्द हिंदीच्या अंगणातला असेल, पण मराठीनं त्याला स्वतःचा अर्थ दिला आहे. तो उसना कसा म्हणायचा?

आता तुमच्या जिमीकडे या. चौथ्या सीझनच्या शेवटी, वकिलीचा परवाना परत मिळावा म्हणून तो समितीपुढे उभा राहतो आणि गेलेल्या भावाबद्दल गहिवरून बोलतो. किमच्या, त्याच्या वकील मैत्रिणीच्या, डोळ्यांत पाणी येतं. बाहेर आल्यावर कळतं की तो सगळा बनाव होता. आणि तिथल्या तिथे तो दुसऱ्या नावानं वकिली करण्यासाठीचा कागद मागतो. मी नागपूर खंडपीठात हयात घालवली आहे. पक्षकारासाठी रडणारे वकील पाहिले, पण ते दृश्य पाहून मला रात्री झोप आली नाही. या माणसासाठी ‘बनतो’ इतका चपखल शब्द मराठीत दुसरा नाही. ‘होतो’ लिहिलं तर त्याला सोडून दिल्यासारखं होईल.

धरमपेठवाली
काका, हे मला सुचलंच नव्हतं! बहिणीला हेच पाठवते. पण मग बाकीच्यांचं काय? किम काही ‘बनत’ नाही. माईक तर मुळीच नाही.

भंडाऱ्याची सून
माईकसाठी ‘जून’. भेंडी वेळेवर तोडली नाही की जून होते, तसा. फिलाडेल्फियातला पोलीस, मुलगा मारला गेलेला, नात आणि सून हेच त्याचं जग. त्याच चौथ्या सीझनच्या शेवटी तो वर्नर या जर्मन इंजिनिअरला चांदण्याखाली गोळी घालतो. दोघांचं सूत जमलेलं असतं, तरी घालतो. त्यानंतर त्याच्या आत काही कोवळं उरत नाही. सासूबाई अशा माणसाला ‘जून झाला गा तो’ म्हणत.

कोथरूडकर
आमच्याकडे भेंडी ‘निबर’ होते. आणि माणूसही निबर होतो, मार खाऊन.

भंडाऱ्याची सून
दोन्ही एक नाही हो. निबर म्हणजे वरून कडक, मारानं, उन्हानं. जून म्हणजे वेळ निघून गेली म्हणून आतून दोर धरलेलं. माईकची वेळ निघून गेली आहे.

महालकर
किमवर नंतर येतो. आधी मूळ मुद्दा. कोथरूडकरांनी ‘होत गेला’ सुचवलं. ते मागे वळून पाहणाऱ्याचं वाक्य आहे, गोष्ट संपलेली, हिशेब झालेला. पण मालिका पाहताना तसं वाटतं का? शेवट आपल्याला ठाऊक आहे, हा सॉलच होणार. तरी प्रत्येक भागात वाटतं, आज हा थांबेल, आज किमचं ऐकेल. आमच्याकडे यासाठी साधं रूप आहे: ‘जिमी सॉल होऊन राहिला.’ डोळ्यांसमोर होतंय, अजून व्हायचं आहे, आणि आपण काही करू शकत नाही. माझी मुलगी शेजारी बसून खरंच म्हणाली, ‘बाबा, हा तर सॉल होऊन राहिला!’ त्यापुढे ‘होत आहे’ मला फिकं वाटतं.

कोथरूडकर
पण आमच्या कानाला ‘राहिला’ भूतकाळच वाटतो. होऊन राहिला म्हणजे झाला आणि मग तिथेच राहिला. तुमचा वाचक सांगलीचा असेल तर त्याला उलटा अर्थ कळेल. बोलीत गोडवा आहे, मान्य. छापील लेखात ती रचना नको.

महालकर
गोडवा म्हणू नका, दादा. गोड म्हटलं की बोलीला ओट्यावर बसवून प्रमाण भाषा घरात जाते. ‘काय करून राहिला?’ हा प्रश्न इथे लाखो लोक रोज वर्तमानकाळात विचारतात. मराठीतलं आद्य गद्य ऋद्धपूरला लिहिलं गेलं, ते आमच्या अमरावती जिल्ह्यात. तेव्हा प्रमाण कोणतं होतं?

कीर्तनकाराची लेक
भांडण थांबवत नाही, फक्त ‘पूर्वरंग’चं सांगते, कारण त्याला कोणी हात लावला नाही. बाबा नारदीय कीर्तन करायचे. पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण, मग बुक्का लागला की उत्तररंगात आख्यान. म्हणजे पूर्वरंगात गोष्ट नसते, तत्त्व असतं. नाट्यशास्त्रातला पूर्वरंगही नाटकाआधीचे विधी, नाटकाचा भाग नव्हे. ही मालिका तर सगळी आख्यानच आहे. कृपा करून पूर्वरंग लिहू नका.

‘पूर्वकथा’सुद्धा अर्धवट आहे. ओमाहाच्या मॉलमधल्या दुकानात दालचिनीचे रोल भाजणारा, खोट्या नावानं लपलेला जिमी काळ्यापांढऱ्या दृश्यांत दिसतो ना, ते सगळं ‘ब्रेकिंग बॅड’च्या नंतरचं आहे. तिथेच मालिकेचा खरा शेवट होतो. कोर्टात तो पुन्हा मॅकगिल हे नाव घेतो. आता त्याला काय म्हणाल, ‘होतो’ की ‘बनतो’?

काळा कोट
तिथे ‘होतो’. तो एकच ‘होतो’ मी कोथरूडकरांना देईन. सात वर्षांच्या कैदेवर मिटत आलेलं प्रकरण तो स्वतः मोडतो आणि ८६ वर्षं पदरात घेतो. तिथे बनवाबनवी संपते.

माणसांसारखे शब्दही बदलतात, म्हणून सांगतो. ‘राजीनामा’ म्हणजे मुळात दोन्ही पक्ष राजी झाल्याचा लेख, तडजोड. हिंदी पट्ट्यातल्या कोर्टात आजही तोच अर्थ आहे. मराठीत मात्र नोकरी सोडण्याचा कागद. वकिलीच्या सुरुवातीला बालाघाटकडचा एक पक्षकार मला म्हणाला, ‘साहेब, राजीनामा करून टाकू.’ मी विचारलं, ‘तुम्ही नोकरी कुठे करता?’

भंडाऱ्याची सून
वकीलसाहेब, आमच्याकडे भावकीच्या वाटणीच्या जुन्या कागदांवर ‘राजीनामा’ लिहिलेलं आहे! घरात सगळे समजत होते की पणजोबांनी पाटीलकी सोडली. म्हणजे ते भांडण मिटलं होतं?

काळा कोट
तारीख आणि खाली किती सह्या आहेत ते सांगा. दोन्ही बाजूंच्या असतील तर मिटलं होतं.

धरमपेठवाली
सोमवारी अंक छपाईला जातो आहे. बहिणीला ‘बनतो’ कळवलं. तिनं उत्तर दिलं: ‘बनाव पटला. पण किमचं वाक्य अजून रिकामं आहे.’

भंडाऱ्याची सून
सह्या पाच आहेत, एक अंगठा. तारीख मोडीत आहे. इथे कोणाला मोडी वाचता येते का?