उघड्या आभाळाखाली ऐकलेले वयस्क आवाज : आपले अनुभव लिहा

सांजदिवा :

परवा फोनमधले जुने ध्वनिसंदेश निवडून पुसत असताना वडिलांनी नऊ वर्षांपूर्वी पाठवलेला एक निरोप हाती लागला. तो ऐकला आणि लगेच त्यांना फोन लावला. पलीकडून आलेला "बोल" एवढा एकच शब्द ऐकताना लक्षात आले की आवाज पातळ झाला आहे आणि शब्द संपण्याआधीच श्वास संपतो आहे. बोलण्याची ढब मात्र तिळभरही बदललेली नाही. फोन ठेवल्यावर मला जून 2008 मधली डब्लिनची एक संध्याकाळ आठवली, आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

डब्लिनमधल्या किल्मेनहॅम इथे सतराव्या शतकात वृद्ध सैनिकांसाठी बांधलेली एक दगडी वास्तू आहे. तिच्या आवारात कॅनडाचे कवी आणि गायक लेनर्ड कोहेन यांचा कार्यक्रम होता. त्यांचे वय तेव्हा 73 होते आणि सुमारे पंधरा वर्षांनी ते दौऱ्यावर निघाले होते. मधली काही वर्षे ते कॅलिफोर्नियातल्या डोंगरावर एका झेन मठात राहिले, आणि तिथून परतल्यावर काही काळाने, आयुष्यभराची पुंजी विश्वासातल्या व्यक्तीने संपवल्याचे त्यांना कळले. हा माणूस गरजेपोटी पुन्हा रंगमंचावर उभा राहतो आहे हे मला ठाऊक होते, आणि म्हणूनच मी धास्तावून गेले होते. आवडत्या माणसाला केविलवाणे झालेले पाहावे लागेल की काय, ही ती धास्ती होती.

ते आले ते गडद सूट, डोक्यावर फेल्ट हॅट अशा वेशात, आणि चालत नव्हे तर शाळा सुटलेल्या मुलासारखे उड्या मारत. साथीला हाविएर मास नावाचे स्पॅनिश वादक होते. त्यांनी एकट्याने वाजवायला सुरुवात केली की कोहेन टोपी काढून छातीशी धरत, त्यांच्यासमोर गुडघे टेकत, आणि वादन संपेपर्यंत मान खाली घालून ऐकत. मी पुढच्या बाजूला होते, त्यामुळे उठतानाची त्यांची हालचाल मला नीट दिसली. एक हात टोपीत अडकलेला असल्यामुळे त्यांनी दुसऱ्या हाताची मूठ जमिनीवर रोवली, क्षणभर थांबले, आणि मग सरळ उभे राहून ध्वनिक्षेपकाशी परतले. पुढची ओळ त्यांनी जराही धाप न लागता म्हटली.

दुसऱ्याची गाणी गाणारा कलाकार वय झाले की आपल्याला पेलतील अशी गाणी निवडू शकतो. ज्याने स्वतःच लिहिलेले आहे त्याला ती सोय नसते. तिशीत लिहिलेला निरोप, तिशीतली वासना, तिशीतली प्रार्थना त्याला सत्तरीत पुन्हा तोंडाने म्हणावी लागते, आणि ते शब्द अजून आपले आहेत की नाहीत याचा निवाडा हजारो लोकांसमोर करावा लागतो. त्या रात्री ते शब्द त्यांचेच होते. मला तर असे वाटले की लिहिताना ते त्यांना पुरते कळले नसावेत. तुम्ही अशा कुणाला मोकळ्या जागेत ऐकले असेल तर अवश्य लिहा.

रानवारा :

टोपीचे वाचून अंगावर काटा आला. मी त्यांना पुढच्याच महिन्यात, जुलै 2008 मध्ये, एडिनबरा किल्ल्याच्या पुढच्या पटांगणात ऐकले. मी बरीच वर बसले होते आणि वारा सतत आडवा येत होता. झांजांचा आवाज मध्येच विरायचा, सहगायिकांचे वरचे सूर यायचे आणि जायचे, पण त्यांचा तो खर्जातला आवाज एकदाही तुटला नाही. जवळ बसून कुणी कानाशी बोलावे तसा तो तीन तास येत राहिला. असे का झाले असावे, हे मला आजवर उमगलेले नाही.

तारसप्तक :

रानवाराताई, मी अनेक वर्षे खुल्या मैदानांवर ध्वनियोजनेचे काम करतो आहे, त्यामुळे थोडे सांगतो. हवा उंच पट्टीचे स्वर अधिक शोषते आणि खालच्या पट्टीचे कमी, म्हणून अंतर वाढले की झांज आधी जाते आणि खर्ज टिकतो. वाराही आवाज उडवून नेत नाही, तो त्याची वाट वाकवतो. वाऱ्याच्या उलट दिशेला बसलेल्यांच्या डोक्यावरून आवाज निघून जातो, तर वाऱ्याच्या दिशेला बसलेल्यांकडे तो खाली वळतो. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा आधी गार होते, वरची उबदार राहते, आणि मग दूरवरच्या प्रेक्षकांनाही शब्द स्वच्छ ऐकू येऊ लागतात. खुल्या मैदानातला कार्यक्रम दुसऱ्या तासात "रंगला" असे लोक म्हणतात, त्यात या थंडाव्याचाही वाटा असतो असे मी माझ्या अनुभवावरून म्हणेन.

मागे बसलेल्यांना मोठ्या पडद्यावर गायकाचे ओठ आधी हलताना दिसतात आणि शब्द मागून येतो, तेही याच जातीचे. ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर तो जवळजवळ तीन दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. म्हणून मैदानाच्या मध्यावर उभारलेल्या खांबांवरचे कर्णे आम्ही मुद्दाम तेवढेच उशिरा बोलवतो, नाहीतर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल. ज्या कार्यक्रमात शब्द हाच प्राण आहे तिथे हे गणित चुकले तर सगळेच चुकते, आणि वयस्क गायकाचे उच्चार आधीच थोडे मऊ झालेले असल्यामुळे माझी त्या दिवशी खरी परीक्षा असते.

मधुमालती :

माझा अनुभव दुःखाचा आहे. गायकाचे नाव लिहीत नाही, कारण त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही अपार आदर आहे. वीस वर्षे ज्यांची गाणी पाठ होती त्यांना एका मैदानात प्रथमच प्रत्यक्ष ऐकायला गेले, आणि तासाभरात मला एकही गाणे ओळखता आले नाही. चाली बदललेल्या, लय बदललेली, ओळी अर्ध्यात सोडलेल्या. आजूबाजूचे लोक आनंदाने डोलत होते आणि मी एकटीच मुकाट उभी होते. परतताना गाडीत मी रडले, हे आज प्रथमच कुणाला सांगते आहे.

उत्तररात्र :

मधुमालती, तुमचे वाचून वाईट वाटले. अशी निराशा फार जवळच्या माणसाकडून झाल्यासारखी लागते, कारण त्या गाण्यांभोवती आपण आपली स्वतःची वीस वर्षे गुंडाळलेली असतात.

मला हा धक्का आधी मिळालेल्या सूचनेमुळे कमी बसला. जुलै 2019 मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये बॉब डिलन आणि नील यंग हे स्वतःची गाणी लिहून गाणारे दोन गायक एकाच दिवशी गायले. डिलन तेव्हा 78 वर्षांचे होते. 7 जून 1988 पासून ते जवळजवळ अखंड दौऱ्यावर आहेत, आणि इतक्या वर्षांत त्यांनी आपल्या गाण्यांच्या चाली, ठेका, कधीकधी शब्दसुद्धा बदलले आहेत. माझ्या मित्राने बजावले होते की ध्वनिमुद्रिका घरी ठेवून ये. तरीही पहिली दोन गाणी माझ्या हाती लागली नाहीत. पियानोमागे उभे राहून ते गात होते, आणि एका गाण्याच्या तिसऱ्या ओळीला एक शब्द असा आला की मला एकदम सगळे गाणे सापडले. ओळखीचा माणूस गर्दीत पाठमोरा दिसावा आणि त्याने मान वळवावी तसे झाले. त्यानंतर मी चाल शोधणे सोडले आणि शब्दांची वाट पाहू लागलो.

मला वाटते की गाणे ज्याचे आहे त्याला ते पुन्हा लिहिण्याचा हक्क आहे, आणि आपल्याला हळहळण्याचाही. दोन्ही गोष्टी एकाच मैदानात मावतात.

शेवंती :

कॅनडाच्या गायिका आणि गीतकार जोनी मिचेल यांच्याविषयी कुणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते.

ऑक्टोबर 2024, लॉस एंजेलिसमधला हॉलीवूड बोल हा खुला रंगमंच. त्यांचे वय 80, आणि 81 वा वाढदिवस काही आठवड्यांवर आलेला. मार्च 2015 मध्ये त्यांच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती आणि त्यानंतर त्यांना चालणे, बोलणे सगळेच नव्याने शिकावे लागले. गिटार कशी धरायची हे त्यांनी स्वतःच्याच जुन्या चित्रफिती पाहून पुन्हा शिकून घेतले. नऊ वर्षांच्या असताना त्यांना पोलिओ झाला होता आणि डावा हात कमजोर राहिला होता, म्हणून नेहमीचे अवघड पकड असलेले स्वरमेळ टाळण्यासाठी त्यांनी तारा वेगवेगळ्या तऱ्हेने जुळवायला सुरुवात केली, आणि त्यातूनच त्यांच्या गाण्यांना तो कुणालाही न साधणारा रंग आला. एकाच बाईच्या हातांनी आयुष्यात दोनदा पहिल्यापासून शिकावे, हे मनात घेऊनच मी तिथे बसले होते.

जोनी मैत्रमंडळींच्या मधोमध खुर्चीवर बसून गात होत्या. तरुणपणीचा तो उंच, झऱ्यासारखा आवाज आता राहिलेला नाही. त्या जागी खालचा, धुरकट, अतिशय समजूतदार आवाज आहे. उंच स्वर आला की बरोबरच्या तरुण गायिका तो उचलून घेत आणि जोनी त्याखाली आपली ओळ बोलल्यासारखी ठेवून देत. त्या हातातली काठी तालावर आपटत होत्या. वीसेक रांगा मागून मला ते आपटणे ऐकू येत नव्हते, नुसते दिसत होते, पण एका संथ गाण्यात माझ्या लक्षात आले की सगळा वाद्यवृंद त्या काठीकडे पाहून चालला आहे.

तारसप्तक :

शेवंतीताई, वयाबरोबर बहुतेक स्त्रियांचा आवाज खाली उतरतो आणि पुरुषांचा बहुधा थोडा वर सरकतो व पातळ होतो. सांजदिवा यांनी वडिलांच्या आवाजाविषयी लिहिले आहे ते अगदी याच धर्तीचे आहे. कोहेन मात्र उलट वाटेने गेले. दर दशकाला ते आणखी खोल उतरत राहिले.

काळीपांढरी :

मी फक्त गिटारविषयी लिहिणार आहे. अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सन यांची "ट्रिगर" ही गिटार 1969 पासून त्यांच्याकडे आहे. ती नायलॉनच्या तारांची आहे आणि अशा गिटारीला छेडणाऱ्या हाताखाली संरक्षक पट्टी नसते, त्यामुळे इतक्या वर्षांच्या घासण्याने लाकडाला ध्वनिछिद्राशेजारी दुसरे भोक पडले आहे. नव्वदी ओलांडलेल्या विलींना मी एका खुल्या रंगमंचावर खुर्चीत बसून गाताना पाहिले, शेजारी मुलगा साथीला होता. पडद्यावर गिटार जवळून दाखवली तेव्हा त्या भोकाच्या कडा स्पष्ट दिसल्या. त्या कडा तुटलेल्या नाहीत, झिजून गुळगुळीत झालेल्या आहेत, आणि करंगळीच्या बाजूला लाकूड इतके पातळ आहे की उजेड आला तर आरपार दिसेल असे वाटते. ते गात कमी होते, शब्द तालाच्या जरा मागे ठेवून सांगत होते. मी सगळा वेळ त्यांचा उजवा हात पाहत होतो.

वळीव :

आमच्या वेळी विजांनी घात केला. तिसरे गाणे चालू असताना क्षितिजावर वीज चमकली आणि आयोजकांनी ताबडतोब मैदान रिकामे करायला सांगितले. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचे असा नियम असतो, आणि प्रत्येक नव्या गडगडाटाला तो अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. आम्ही गाडीत दोन तास बसलो. मग कार्यक्रम रद्द झाल्याचे कळले. गायक पंचाहत्तरीचे होते आणि तो दौरा त्यांचा शेवटचा ठरला. माझ्याजवळ तीन गाणी आहेत, त्यातले तिसरे अर्धे. तरीही मी गेलो नसतो तर बरे झाले असते, असे एकदाही वाटलेले नाही.

सांजदिवा :

वळीव, ते अर्धे गाणे कुठल्या शब्दावर तुटले ते तुम्हाला आठवते का? मला सगळ्यांचे वाचताना फार बरे वाटते आहे. मधुमालती, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार.

वळीव :

आठवते. "परत" या अर्थाच्या शब्दावर. पुढचा स्वर त्यांनी घेतला होता, पण तो ध्वनिक्षेपक बंद झाल्यावर.

पैलतीर :

मी आईला घेऊन गेलो होतो. ती 79 वर्षांची आणि गाणारे त्याहून दोन वर्षांनी मोठे. तिला चाकाच्या खुर्चीतून उताराच्या कडेला, जिथे जमीन सपाट होती तिथे बसवले. गार हवा सुटली होती आणि गिटारवादक प्रत्येक गाण्यानंतर तारा जुळवत होता, कारण गारव्याने पोलादी तारा आखडतात आणि सूर चढतो. त्या जुळवाजुळवीच्या मंद आवाजात आईला झोप लागली. मी तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली आणि उठवले नाही, कारण इतका प्रवास तिला झेपला होता हेच मला पुष्कळ होते.

शेवटून दुसरे गाणे सुरू झाले. गायकाने पहिली ओळ म्हटली आणि श्वास घेण्यासाठी ते थांबले. तो थांबा पूर्वीपेक्षा बराच लांब होता. त्या थांब्यात आईने डोळे न उघडता दुसरी ओळ म्हटली. तिच्यामागून त्यांची ओळ आली, आणि पुढचे कडवे ती ओठातल्या ओठात त्यांच्याबरोबर म्हणत राहिली.

सांजदिवा :

आई आता कशा आहेत?

पैलतीर :

बरी आहे. पुढच्या वेळी आपल्याला जरा पुढची जागा मिळेल का, असे अधूनमधून विचारते.