बाबांना क्रिएटिन द्यावं का? (बजेट महिन्याला ८००)

शहापूरकर_८८: बाबा ६३ वर्षांचे, शुगर १४ वर्षं झाली, मेटफॉर्मिन चालू. तरुणपणी तालमीत होते. दिवाळीनंतर न्यूमोनियानं तीन आठवडे झोपून काढले, तेव्हापासून मांड्या पार सुकल्यात. संडासातून उठताना दाराची कडी धरतात. मावसभाऊ जिमवाला, त्यानं क्रिएटिन या ताकदीच्या पावडरीचा डबा आणून ठेवलाय, पुढचे आम्ही घ्यायचे. मागच्या महिन्यात किडनीच्या रक्ततपासणीत क्रिएटिनीन १.५ आलंय, जास्तच. द्यावं का? ८०० च्या वर जमणार नाही.

खानापूरचा_वाघ: ८०० मध्ये काय येतंय गा? मी अडीच हजारांचा बाहेरच्या देशातला मागवतो. दोन वर्षं घ्यायलोय, केसालाही धक्का नाही. पहिला आठवडा रोज २० ग्रॅम, मग ५. वजन दोन किलो वाढलं, बेंच प्रेस ८० किलोवरून १०० वर गेली.

तालीमवाला_मामा: हे स्टेरॉईडच की. आमच्या वेळी थंडाई, बदाम, दूध, तूप. तुमच्या बाबांनाच विचारा.

लॅबवाली_अक्का: मामा, स्टेरॉईड नव्हे. लिव्हर, किडनी मिळून आपलं शरीर रोज साधारण एक ग्रॅम स्वतःच तयार करतं. अर्धा किलो कच्च्या मटणात दोन ग्रॅमच्या आसपास असतं.
वाघ, शुगरच्या पेशंटला २० ग्रॅम सांगू नका. ती दोन किलो म्हणजे बरंचसं स्नायूंत साठलेलं पाणी. पोट बिघडतं ते वेगळंच.
शहापूरकर, नीट ऐका. क्रिएटिनचंच पुढं स्नायूंत क्रिएटिनीन होतं. त्यामुळं पावडर घेतली की किडनी चांगली असली तरी आकडा थोडा वर जातो. आमच्याकडं अशी पोरं घाबरून येतात. तुमच्या बाबांचं उलटं आहे. मांड्या सुकल्यात म्हणजे क्रिएटिनीन कमी यायला हवं, तरी १.५ आलंय. पावडर सुरू केली तर पुढचा आकडा किडनीमुळं वाढला की पावडरीमुळं, डॉक्टरांना कळणार कसं? आधी लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन) आणि सिस्टॅटिन सी ही किडनीचीच दुसरी रक्ततपासणी करा. सिस्टॅटिनवर पावडरीचा परिणाम होत नाही.

निपाणी_तंबाखू: मी रस्त्याकडेच्या दुकानातनं घेतला होता. सील ढिलं, आत पावडरीचे खडे. तीन दिवस नुसता मोरीत. दुकानदार म्हणतो, पाणी कमी प्यालात. पैसे गेले ते गेलेच.

खानापूरचा_वाघ: म्हणून तर सांगतो, बाहेरचाच घ्या.

चिकोडी_माई: ह्यांना पार्किन्सन आहे, मीही कुणाचं ऐकून आणला होता. वर्षभर दिला, काहीच फरक नाही. मग मुलानं वाचून दाखवलं, अमेरिका-कॅनडात १७४१ पार्किन्सनच्या पेशंटांवर चाचणी झाली, निम्म्यांना रोज १० ग्रॅम. २०१३ मध्ये फायदा दिसेना म्हणून थांबवली. त्रासही फारसा झाला नाही म्हणे. पण माझे पैसे?

तालीमवाला_मामा: तेच म्हणतोय मी. बदाम.

लॅबवाली_अक्का: मामा, बदामाचा भाव बघितलाय का?
माई, आजारावर ते अवलंबून असतं. मस्क्युलर डिस्ट्रॉफीत, म्हणजे स्नायू झिजण्याच्या आजारात, ताकद थोडी वाढलेली दिसलीय. मॅकआर्डल नावाच्या स्नायूंच्या आजारात जास्त डोसनं दुखणं वाढलं. शुगरवाल्यांवर ब्राझीलमध्ये छोटा प्रयोग झाला होता, रोज ५ ग्रॅम, १२ आठवडे. त्यात किडनीला धक्का लागला नाही, शुगरही सुधारली. पण सगळे व्यायाम करत होते. नुसती पावडर खाऊन मांडी भरत नाही.

खानापूरचा_वाघ: माझीही भरली की.

लॅबवाली_अक्का: तुम्ही बेंच मारता. त्यानं छाती भरते.

निपाणी_तंबाखू: 😂 त्या दुकानदाराचं काय करू ते सांगा कुणीतरी.

शहापूरकर_८८: सगळ्यांचे आभार. ठरलं. बाबांना डबा दाखवला, त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवली, "खडूची भुकटी" म्हणाले आणि बाहेर थुंकले. अक्का, टेस्ट केली नाही, दोन्हीचे मिळून जास्त सांगितले. ८०० मध्ये स्टीलची कांब आणली आणि संडासात बसवून घेतली. सकाळी खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस करतात, मोजायला नातू. सातव्याला दम लागतो. डबा फुकट का घालवायचा म्हणून मीच घ्यायला लागलोय.

लॅबवाली_अक्का: कांब चांगलं काम केलं. पण १.५ अजून तिथंच आहे, फक्त अल्ब्युमिन तरी करा, ते महाग नाही. आणि तुमचं स्वतःचं क्रिएटिनीन पावडर उघडण्याआधी केलंत का?

शहापूरकर_८८: नाही.