दिवसभरात जाऊन येण्याची ट्रिप: प्लॅन नेमका करायचा कसा? दर वेळी पोपट होतोय

रविवारचा_बळी

मोठ्या शहरात राहायला येऊन दीड वर्ष झालं. येताना वाटलेलं की आता दर सुट्टीला आजूबाजूची छोटी गावं, डोंगर, नद्या पालथ्या घालू. प्रत्यक्षात सहा वेळा गेलो आणि सहाही वेळा घरी आल्यावर बायको म्हणाली "यापेक्षा घरी झोपले असते". मागच्या वेळचंच सांगतो, नकाशावर चार ठिकाणं एका रेषेत दिसली म्हणून चारही घेतली, सकाळी नऊला निघालो आणि रात्री साडेदहाला परत, त्यातले साडेसात तास गाडीत. मी मोजले, कारण दुसरं करण्यासारखं काहीच नव्हतं. चौथ्या ठिकाणी पोचलो तेव्हा अंधार पडलेला, फोटोत सगळे भुतासारखे दिसतायत.

आमच्यात मी, बायको, सात वर्षांची मुलगी (हिला गाडी लागते) आणि सत्तरीची आई. कधी गाडी असते कधी ट्रेन-बस. तर प्रश्न असा की किती लांब जावं, किती ठिकाणं घ्यावीत, आणि मुळात सुरुवात कुठून करायची? ठिकाणांच्या याद्या नकोत, त्या ढिगाने मिळतात, पद्धत हवीय.

वेळापत्रकवाली

सुरुवात शेवटापासून करायची. गंमत करत नाहीये. तुम्ही बघताय "कुठे जायचं, मग किती वाजता निघायचं", मी आधी बघते परतीचं शेवटचं वाहन किती वाजता आहे, मग त्याच्या आधीचं कधी आहे, आणि त्या आधीच्यावर प्लॅन बसवते. शेवटचं फक्त जीव वाचवायला. तिथून मागे मागे येत सकाळच्या निघण्याच्या वेळेपर्यंत पोचले की कळतं हातात खरे किती तास आहेत. बहुतेक वेळा चार-पाचच निघतात आणि चार-पाच तासात एक गाव धड बघून होतं, चार नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. एकदा एका डोंगराळ गावातून परतायला सहा चाळीसची बस होती, थांब्यावरच्या फलकावर स्वच्छ छापलेलं. मी साडेसहाला येऊन बसले. सात वाजले, सव्वासात वाजले, मग मोबाईलचा टॉर्च लावून फलक परत वाचला तर ६:४० च्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी, आणि खाली कोपऱ्यात जिथे पत्रा गंजलाय तिथे त्या चांदणीचा अर्थ: सुट्टीच्या दिवशी ही फेरी नाही. तो रविवार होता!! शेवटी एका भल्या कुटुंबाने गाडीत जागा दिली म्हणून घरी पोचले. तेव्हापासून वेळापत्रक वाचताना आधी चांदण्या वाचते, मग वेळा.

दुसरं, अंतर किलोमीटरमध्ये मोजणं सोडा, दारापासून दारापर्यंतचे तास मोजा. शहरातून बाहेर पडायचे पहिले वीस-पंचवीस किलोमीटर पुढच्या साठ किलोमीटरइतका वेळ खातात. आणि शेवटचा टप्पा बघा: ट्रेन दर वीस मिनिटांनी असेल पण स्टेशनपासून गावापर्यंतची बस दोन तासातून एकदा, तर तुमचा दिवस ती बस ठरवणार, ट्रेन नाही. माझा स्वतःचा हिशोब असा की जाण्यायेण्याचा मिळून वेळ दिवसाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त झाला की ती ट्रिप मुक्कामाची, दिवसाची नाही. बारा तास असतील तर चार तास प्रवास, म्हणजे एका बाजूला दोन. तुमचे साडेसात वाचून मलाच धाप लागली.

रानवाट

वरच्या ताईंशी सहमत, फक्त त्यांचं सगळं गावांसाठी झालं. डोंगर-रानात जाणार असाल तर शेवटची बस सूर्याची असते आणि तिच्यावर चांदणी नसते.

चालण्याचा अंदाज लोक हमखास चुकवतात. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने १८९२ मध्ये एक साधा हिशोब दिला तो अजून चालतो: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. म्हणजे ८ किलोमीटरची वाट आणि ३०० मीटर चढ असेल तर साधारण दोन तास सहा मिनिटं. पण हे धडधाकट, न थांबता चालणाऱ्या माणसाचं गणित आहे. सात वर्षांची मुलगी बरोबर असेल तर मी सरळ दुप्पट धरतो, आणि सत्तरीच्या आजी असतील तर चढाची वाट निवडतच नाही, तळ्याकाठची सपाट निवडतो. "माघारीची वेळ" घरूनच ठरवून निघा. समजा दीड ठरली तर दीडला शिखर शंभर पावलांवर असलं तरी वळायचं. तिथे उभं राहून ठरवायला गेलात तर कधीच वळत नाही माणूस.

एक युक्ती सगळे सांगतात, हात लांब करून सूर्य आणि क्षितिजामध्ये बोटं आडवी धरायची, एक बोट म्हणजे पंधरा मिनिटं उजेड. ती युरोपसारख्या उत्तरेकडच्या भागात बऱ्यापैकी जमते, तिथे सूर्य तिरका मावळतो. विषुववृत्ताच्या जवळ तो जवळपास सरळ खाली पडतो, तिथे बोटाला जेमतेम सात-आठ मिनिटं धरा. शिवाय तिथे सूर्य गेल्यावर संधिप्रकाशही वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. लंडनसारख्या ठिकाणी तर डिसेंबरमध्ये चारच्या आधीच सूर्यास्त होतो आणि जूनमध्ये नऊनंतरही उजेड असतो, म्हणजे तीच ट्रिप एका महिन्यात सोपी आणि दुसऱ्यात अशक्य.

बाकी भराभर सांगतो. नकाशा ऑफलाईन उतरवून घ्या. रेंज नसलेल्या भागात फोन टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी पिऊन टाकतो, एअरप्लेन मोडवर टाका, जीपीएसला नेटवर्क लागत नाही. उंचीवर जाणार असाल तर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, शहरात घाम येत होता म्हणून मुलीचं जॅकेट घरी ठेवू नका. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, मग एकट्या झाडाखाली नाही तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी.

आळशी_उंट

तुम्ही सगळे मिळून बिचाऱ्याला सहलीला पाठवताय की मोहिमेवर?

माझं मत उलटं आहे. यांचा प्रॉब्लेम प्लॅन कमी पडतो हा नाहीच, हाव जास्त आहे. एक ठिकाण घ्या. एकच. आणि ते असं घ्या की एकाच वाहनाने थेट जाता येतं आणि उतरल्यावर सगळं पायी होतं. माद्रिदहून लोक तोलेदोला आणि टोकियोहून कामाकुराला जाऊन येतात, ते काय फक्त जुनं नि सुंदर आहे म्हणून नाही, एक अर्ध्या तासावर आणि दुसरं साधारण तासाभरावर, आणि थेट ट्रेन आहे म्हणून. मध्ये एक गाडी बदलायची आली की तिथे थांबणं आलं, चुकामूक आली, आणि कुणाला तरी नेमकं तेव्हाच बाथरूमला जायचं असतं.

थॉमस कुकने ५ जुलै १८४१ ला पाचेकशे लोकांना लेस्टरहून लफबरोला ट्रेनने नेलं, दारूबंदीच्या सभेला. पर्यटन धंद्याची सुरुवात म्हणून जिचा दाखला देतात ती ट्रिप वीस किलोमीटरच्या आतली होती आणि संध्याकाळी सगळे आपापल्या घरी! तेव्हा लांब गेलं म्हणजेच ट्रिप हे डोक्यातून काढा.

आणि बंद असण्याचा दिवस बघून जा रे बाबांनो. ताजमहाल शुक्रवारी बंद, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद, लूव्र मंगळवारी. छोट्या गावातल्या म्युझियमचं तर विचारूच नका, किल्लीवाला जेवायला गेला की बंद. मी एकदा दोन तास प्रवास करून एका बंद दाराचा फोटो काढून आलोय. दार छान होतं हे मात्र खरं, पितळी कड्या वगैरे.

वेळापत्रकवाली

@आळशी_उंट हे बंद-चालू बघणं म्हणजेच प्लॅन ना? मग माझ्याशी भांडताय कशाला :)

आळशी_उंट

भांडत नाहीये, तुम्ही रंगीत एक्सेल करता असा दाट संशय आहे म्हणून घाबरलो.

वेळापत्रकवाली

दोनच रंग आहेत त्यात.

दोन_लेकरांची_आई

गाडी लागण्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. आतल्या कानाला कळतंय की आपण हलतोय आणि डोळे पुस्तकावर किंवा मोबाईलवर असले तर ते सांगतात हलत नाहीये, या दोघांच्या भांडणातून मळमळ होते. साधारण दोन ते बारा वयात हे सगळ्यात जास्त, म्हणजे तुमची लेक अगदी ऐन वयात आहे. मोबाईल पूर्ण बंद, समोरचं लांबचं बघायला लावायचं, बसमध्ये पुढच्या बाजूची सीट, गाडीत मागे मधोमध म्हणजे समोरची काच दिसते (पट्टा नीट लागत असेल तरच). काच थोडी उघडी. गच्च पोट नको आणि रिकामंही नको. औषध द्यायचं तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या आधी, मळमळ सुरू झाल्यावर देऊन फार उपयोग होत नाही. आणि दर पाच मिनिटांनी "बरं वाटतंय ना?" विचारू नका, विचारून विचारून आमच्या मोठ्याला उलटी व्हायची.

घाटाचा रस्ता असेल तर थोडं लांबून सरळ रस्त्याने जाणं परवडतं. नकाशा जवळचा रस्ता दाखवतो, वळणं मोजत नाही.

आजींसाठी मी तीनच गोष्टी बघते: बसायला जागा, स्वच्छतागृह, आणि पायऱ्या किती. तिसरी कुठेच लिहिलेली नसते, लोकांनी टाकलेल्या फोटोंत शोधावी लागते. माझ्या सासूबाई कधी दमले म्हणत नाहीत, "तुम्ही या जाऊन, मी इथे पिशव्या सांभाळते" म्हणतात. हे वाक्य आलं की समजायचं उशीर झालाय. आता आम्ही आधीच ठरवतो की दुपारी एक तास कुणी कुठेही जायचं नाही, सावलीत बसायचं. त्या तासात मुलं जे खेळतात तेच त्यांना लक्षात राहतं. मागच्या वर्षीच्या एका ट्रिपचं धाकटीला विचारलं काय पाहिलंस तर म्हणाली "गोगलगाय". तिथे बाराव्या शतकातलं देऊळ होतं!

रविवारचा_बळी

सगळ्यांचे आभार, "मी पिशव्या सांभाळते" वाचून पोटात गोळा आला, आई गेल्या तिन्ही वेळा हेच म्हणाली आणि मला वाटलं तिला खरंच बसायचंय.

एक शंका. रविवारी संध्याकाळी परतताना अख्खं शहर रस्त्यावर असतं, त्याचं काय करायचं? लवकर निघा म्हणाल तर दिवस अजून छोटा होतो.

वेळापत्रकवाली

दोनच उपाय. एक म्हणजे सकाळी सहाला निघून दुपारी तीनला परतीला लागणं, साडेपाचला तुम्ही घरी आणि सोमवारही वाचतो. दुसरा म्हणजे गर्दी ओसरेपर्यंत तिथेच थांबणं, पण तो लहान मुलीसोबत नको. मी पहिल्यातली. दिवस छोटा होत नाही, फक्त पुढे सरकतो, पहाटेचे तीन तास तुम्ही आत्ता झोपेत घालवताय.

आळशी_उंट

सहाला निघा म्हणे. मी शनिवारी जातो, रविवारी लोळतो. दमणूक काढायला मध्ये एक अख्खा दिवस मिळतो.

रविवारचा_बळी

अपडेट: जाऊन आलो. शनिवारी, ट्रेनने, थेट, एका बाजूला सव्वा तास. एकच ठिकाण, नदीकाठचं छोटं गाव. पावणेसातला निघालो, साडेतीनची परतीची ट्रेन धरून प्लॅन केला आणि तीच मिळाली, पुढची पाच दहाची होती (चांदणी तपासली). मुलीला खिडकीत बसवून लांबची झाडं मोजायला लावली, सत्तेचाळीसपर्यंत मोजली आणि झोपली, उलटी नाही. दुपारचा बसण्याचा तास झाडाखाली काढला. आईने पिशव्या सांभाळायचं नावच काढलं नाही, उलट अर्ध्या तासाने तीच उठली आणि पाण्यात पाय बुडवून बसली, आणि साडेतीनच्या ट्रेनसाठी तिला तिथून उठवायला मला दोनदा हाका माराव्या लागल्या.

बायकोने अजून काही मत दिलेलं नाही पण काल रात्री तिच्या फोनवर ट्रेनचं वेळापत्रक उघडं दिसलं.

वेळापत्रकवाली

एक्सेल हवी असेल तर पाठवते त्यांना.