मदत हवी आहे: ब्रोमाइडच्या नळीत रंगच येत नाही

खडू_फळा: अकरावीला उद्या हॅलोजन विस्थापन (जास्त क्रियाशील क्लोरीन ब्रोमाइड-आयोडाइडमधून ब्रोमीन-आयोडीन बाहेर काढतो ते) दाखवायचंय. आयोडाइडची नळी क्षणभर तपकिरी होते नि लगेच रंगहीन. ब्रोमाइडला तर ढिम्म काही नाही. लवकर सांगा.

पिपेट: क्लोरीन वॉटर (पाण्यात विरघळलेला क्लोरीन) ताजं आहे का? उजेडात नि सोलापूरच्या उन्हात ते टिकत नाही.

खडू_फळा: क्लोरीन वॉटर नाही, हायपो घेतलाय.

पिपेट: हायपो म्हणजे थायोसल्फेट! ते आयोडीन खातं, रंग जाणारच.

अक्कलकोट_रोड: अहो, इथे टॉवेलवाले हायपो म्हणतात ते सोडियम हायपोक्लोराइटला, म्हणजे ब्लीचला. कॅनमधलाच ना?

खडू_फळा: हो, एमआयडीसीतला. तसाच ओतला.

पिपेट: मग दोन चुका आहेत. तो अल्कधर्मी असतो, त्यात ब्रोमीन, आयोडीन मोकळे राहतच नाहीत. शिवाय जास्त झाला की आयोडीनचं पुढे आयोडेट होतं, तेही रंगहीन. असं करा: १०० मिली पाण्यात १.६६ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, दुसऱ्या १०० मिलीत १.१९ ग्रॅम ब्रोमाइड. प्रत्येकी २ मिली नळीत घ्या, विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे ५ थेंब आधी टाका. हायपो वीसपट पातळ करून ५-६ थेंबच. वर १ मिली हेक्झेन (पाण्यात न मिसळणारा द्रव, रंग त्यात उतरतो) घालून हलवा: आयोडीनचा थर जांभळा, ब्रोमीनचा पिवळा-नारिंगी. आम्ल कॅनमध्ये चुकूनही नको, क्लोरीन वायू उसळतो. खिडक्या उघड्या ठेवा.

रविवार_पेठ: हेक्झेन नसेल तर पेट्रोल चालेल.

पिपेट: नाही चालत. त्यातली अल्कीनं (दुहेरी बंधाची संयुगं) ब्रोमीन गिळतात, शिवाय त्याला स्वतःचा रंग असतो.

रविवार_पेठ: बरं. पण मुलांना सांगा, फ्लोरीन सर्वांत क्रियाशील कारण त्याची इलेक्ट्रॉन प्राप्ती एन्थाल्पी (अणूने इलेक्ट्रॉन घेताना होणारा ऊर्जाबदल) सर्वांत ऋण.

अक्कलकोट_रोड: हे चूक आहे, मुलं परीक्षेत असंच लिहितात. क्लोरीनची मोलमागे उणे ३४९ किलोज्यूल, फ्लोरीनची उणे ३२८. फ्लोरीन पुढे जातो तो त्याच्या दोन अणूंमधला बंध कमकुवत म्हणून (तोडायला मोलमागे १५९ किलोज्यूल, क्लोरीनचा २४२) आणि त्याच्या लहान आयनाला पाणी घट्ट धरतं म्हणून.

नोबल_गॅस: क्रियाशीलतेचं निघालंच आहे तर, अक्रिय म्हणवणारा झेनॉन वायूही अक्रिय नाही. १९६२ साली रसायनशास्त्रज्ञ बार्टलेटनी त्याचं संयुग केलं.

पिपेट: खरंय, पण खडू_फळांची नळी अजून रंगहीनच आहे.

खडू_फळा: झालं! आयोडाइडचा वरचा थर गर्द जांभळा. ब्रोमाइडचा फिकट आहे, पण मागच्या बाकावरून दिसेल का?

पिपेट: नळीमागे पांढरा कागद धरा. कॅन जुना असेल तर त्याचा जोर गेलेला असतो, अजून ५ थेंब टाका.

खडू_फळा: उरलेलं मोरीत ओतू?

पिपेट: हेक्झेन मोरीत नको, वेगळ्या बाटलीत काढा. खालच्या पाण्यात आधी धुण्याचा सोडा, मग थायोसल्फेट. उलट केलंत तर आम्लात गंधक सुटून पाणी दुधाळ होईल.