पंक वाचायचं तर सुरुवात कुठून? लंडन की गोलपिठा?

मांडवी_चारदरवाजा

पंक, म्हणजे १९७६ च्या आसपास लंडन-न्यूयॉर्कमधून उसळलेलं बंडखोर रॉक संगीत, ऐकणारी पोरं बडोद्यात कमी नाहीत. फाइन आर्ट्सच्या फाटकाबाहेर नुसते टी-शर्ट मोजले तरी डझनभर निघतील. गाणी तोंडपाठ असतात, पण त्यामागचं राजकारण विचारलं की गाडी अडते. मग पन्नास पुस्तकांची एखादी यादी उतरवली जाते आणि तिसऱ्या पुस्तकाशी वाचन थांबतं. म्हणून माझी यादी चारच पुस्तकांची. क्रम मात्र मोडायचा नाही.

पहिलं जॉन सॅव्हेज यांचं 'इंग्लंड्स ड्रीमिंग' (१९९१). सुरुवातीची प्रकरणं किंग्ज रोडवरच्या कपड्यांच्या दुकानाभोवती घुटमळतात, आणि बरेच जण तिथेच गळतात. ती भराभर उलटा आणि १९७६ वर या. दुसरं डिक हेब्डिज यांचं 'सबकल्चर' (१९७९). छोटं आहे, पण सेफ्टी पिनसारखी घरगुती वस्तू गालावर आली की तिचा अर्थ कसा फिरतो, ते यात नीट कळतं. तिसरं गी देबोर यांचं 'सोसायटी ऑफ द स्पेक्टॅकल' (१९६७). यात २२१ क्रमांकित परिच्छेद आहेत. पहिली दोन प्रकरणं, म्हणजे ५३व्या परिच्छेदापर्यंत वाचा आणि थांबा. चौथं प्रकरण कामगार चळवळीच्या इतिहासाचं आहे. मार्क्स-बाकुनिन भांडण माहीत नसेल तर डोक्यावरून जातं. शेवटी क्रोपोत्किन यांचं 'द कॉन्क्वेस्ट ऑफ ब्रेड' (१८९२). सरकार नको म्हणणाऱ्यांना 'मग भाकरी कोण देणार?' असा प्रश्न नेहमी येतो, त्याचं हे सविस्तर उत्तर.

नेहमीची चूक म्हणजे देबोरपासून सुरुवात करणं. 'स्पेक्टॅकल' म्हणजे टीव्ही असं समजून लोक वाचत सुटतात. तो चित्रांबद्दल बोलतच नाही, चित्रांच्या आडून माणसामाणसांत जे नातं तयार होतं त्याबद्दल बोलतो, आणि हे चौथ्याच परिच्छेदात लिहिलेलं आहे.

पंकचं सगळं सार मात्र एका चित्रात आहे. मार्क पेरीच्या 'स्निफिन ग्लू' या झिनमध्ये (झिन म्हणजे स्वतः छापून वाटलेलं छोटं मासिक) आलेली गिटारच्या तीन कॉर्डची आकृती: हे तीन शिका आणि बँड काढा.

कमाटीबाग

चारही लेखक गोरे, चारही पुरुष, आणि मराठी वाचकाला दिलेल्या यादीत मराठी पुस्तक शून्य. वा!

'स्निफिन ग्लू' निघालं जुलै १९७६ मध्ये. त्याच्या बावीस वर्षं आधी, १९५४ साली, मुंबईत 'शब्द' हे लघुनियतकालिक सायक्लोस्टाइलवर निघत होतं. काढणारे अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ. यातले चित्रे जन्माने बडोद्याचे. पुढे साठच्या दशकात अशोक शहाणेंचं 'असो', राजा ढालेंचं 'येरू'. आणि मुंबईला तरी कशाला जायचं? १९६९ ते १९७३ या काळात गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर याच गावातून 'वृश्चिक' काढत होते, अंकात लिनोकट छापत होते, कलेच्या सरकारी कारभारावर झोड उठवत होते. फाइन आर्ट्सच्या पोरांना लंडनचा पत्ता देता आणि त्यांच्याच कॉलेजातल्या मंडळींनी काढलेला अंक सांगत नाही, याला काय म्हणावं!

सायक्लोस्टाइल म्हणजे काय तेही आजच्या पोरांना सांगायला हवं. मेणाचा स्टेन्सिल टाइपरायटरला लावायचा, रिबन बाजूला सारायची, म्हणजे खिळा थेट मेण कापतो. जोरात बडवलं तर 'ठ'चं पोट गळून पडतं आणि कागदावर काळा ठिपका उमटतो. चूक झाली की त्यावर लाल द्राव लावून वाळू द्यायचा, मग पुन्हा टंकायचं. हे करून ज्यांनी अंक काढले त्यांना 'स्वतः करा' हे पंकचं ब्रीद लंडनकडून शिकायची गरज नव्हती.

माझा क्रम असा: नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह 'गोलपिठा' (१९७२), मग साधना साप्ताहिकात १५ ऑगस्ट १९७२ ला आलेला राजा ढालेंचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख, मग दलित पँथरचा १९७३ चा जाहीरनामा, मग ज. वि. पवारांचा पँथरचा इतिहास. लंडन नंतर.

तीन_सूर

आधी एक दुरुस्ती. ती तीन कॉर्डची आकृती 'स्निफिन ग्लू'मध्ये आलीच नव्हती. ती 'साइडबर्न्स' नावाच्या दुसऱ्या झिनमध्ये १९७७ च्या सुरुवातीला आली. ए, ई आणि जी. ही चूक इतक्या ठिकाणी छापली गेली आहे की आता तीच खरी वाटते.

आता कमाटीबाग. आधी घडलं म्हणजे तेच घडलं असं होत नाही. ढसाळांना पंक म्हणणं म्हणजे कामाठीपुऱ्याला लंडनचं लेबल चिकटवणं. 'काळा स्वातंत्र्यदिन' कशावरून पेटला? राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर ३०० रुपये दंड आणि दलित बाईची भर गावात विटंबना केली तर ५० रुपये, हा हिशोब ढालेंनी मांडला म्हणून. तिथे केसांचा रंग, गिटारचा आवाज यांचा संबंध काय? पँथर ही संघटना होती. शाखा, मोर्चे, पोलिसांचा मार, कोर्टाच्या तारखा. तिचं नातं लावायचंच तर नाव सांगतं तिथेच लावा: १९६६ मध्ये ओकलंडला निघालेली ब्लॅक पँथर पार्टी आणि तिचा दहा कलमी कार्यक्रम. तो दोन पानांचा आहे. जाहीरनाम्याशेजारी ठेवून वाचला तर 'दलित' या शब्दाची व्याख्या आपल्याकडे किती रुंद केली होती ते दिसतं: भूमिहीन, कामगार, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे त्यात आहेत.

चारदरवाजाभाऊंच्या यादीतही खोट आहे. ती वाचून वाटतं की पंक म्हणजे आपोआप डावं. लंडनच्या सेक्स पिस्टल्स या बँडने ऑक्टोबर १९७६ ते मे १९७७ एवढ्यात ईएमआय, ए अँड एम आणि व्हर्जिन अशा तीन रेकॉर्ड कंपन्यांशी करार केले. न्यूयॉर्कच्या रमोन्स बँडचा जॉनी उघड रिपब्लिकन, म्हणजे उजव्या पक्षाचा. म्हणून लेग्ज मॅकनील आणि गिलियन मॅकेन यांचं 'प्लीज किल मी' (१९९६) आधी वाचा. न्यूयॉर्कच्या मंडळींच्या तोंडची जबानी आहे, राजकारण जवळपास नाहीच, आणि म्हणूनच उपयोगी. ज्यांनी राजकारण खरोखर व्यवहारात उतरवलं ते दुसरे. बझकॉक्स या बँडने उधारीच्या सुमारे ५०० पौंडांत 'स्पायरल स्क्रॅच' ही रेकॉर्ड स्वतःच काढली, जानेवारी १९७७, पहिली खेप १,००० प्रती. क्रास या बँडने तर रेकॉर्डच्या पाकिटावरच 'यापेक्षा जास्त देऊ नका' अशी किंमत छापली. दुकानदाराचा हात तिथेच बांधला गेला. हेब्डिज यातलं काही सांगत नाही. त्याचं सगळं लक्ष कपड्यांवर.

सुरसागर_काठ

तिघांचं भांडण रंगलंय, पण तीनही याद्यांत बायका किती? 'प्लीज किल मी'च्या दोन संपादकांतल्या एक, बस.

हेब्डिजवर अँजेला मॅकरॉबी यांनी १९८० मध्ये टीका केली होती. तुमच्या बंडखोरीच्या अभ्यासात फक्त रस्त्यावरची पोरं दिसतात, त्यांच्या घरात काय चाललंय ते दिसत नाही, हा तिचा मुद्दा. तो निबंध हेब्डिजबरोबरच वाचायला द्या, नंतर नको. नाहीतर पोरं तोवर जाकिटं शिवायला बसतात.

आणि 'गोलपिठा' वाचायला सांगता तर मल्लिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) का वगळता? ढसाळांच्या बायकोने लिहिलेलं आत्मचरित्र. चळवळ दाराबाहेर क्रांतीची भाषा बोलत असताना दाराच्या आत काय चालतं, ते इतकं उघडं मराठीत फार कमी ठिकाणी आलंय. त्याचबरोबर उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९), आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचं. मग अमेरिकेतल्या रायट गर्ल या मुलींच्या पंक चळवळीबद्दलचं सारा मार्कस यांचं 'गर्ल्स टू द फ्रंट' (२०१०). १९९१ च्या आसपास ऑलिंपियातल्या मुलींनी झिन हेच हत्यार का निवडलं, ते या दोन मराठी पुस्तकांनंतर जास्त चांगलं समजतं. मासिकाच्या संपादकाची परवानगी लागत नाही, एवढं साधं कारण.

एक व्यवहाराचं. ढसाळ मनातल्या मनात वाचायला दिले तर मुलं दुसऱ्या पानावर शब्दकोश शोधतात, आणि अर्धे शब्द कोशात नसतात. मोठ्याने वाचा. एका बैठकीत दोनच कविता. ज्यांचं मराठी घरापुरतंच आहे त्यांनी चित्र्यांनी केलेली इंग्रजी भाषांतरं (२००७) शेजारी उघडी ठेवावीत. आपल्याकडे गुजराती माध्यमात शिकलेल्यांची संख्या बघता हे करावंच लागतं.

कमाटीबाग

मल्लिकाताईंचं पुस्तक राहिलं, ही चूक माझी. मान्य.

तीन_सूर, लेबलाचा मुद्दा अर्धा मान्य. पण मग 'मूलगामी' हा शब्द घ्या, पंक सोडा. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आंबेडकरांचं भाषण रद्द केलं. त्यांनी ते स्वतः छापलं. १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ नाकारलं तर मजकूर छापून मोकळं व्हायचं, हे तुमच्या बझकॉक्सच्या चाळीस वर्षं आधी. आणि 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) फुल्यांनी इथे बडोद्यात सयाजीरावांना वाचून दाखवला होता, महाराजांनी तो पूर्ण ऐकला. फुल्यांनीच प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. गावाचा एवढा वारसा असताना सुरुवात किंग्ज रोडवरच्या दुकानापासून का?

तीन_सूर

राजाने ऐकलेलं पुस्तक बंडखोरीच्या यादीत घालताना थोडं अडखळायला हवं, एवढंच म्हणतो.

रावपुरा_झेरॉक्स

वाद चालू द्या. पण वाचणाऱ्याने महिन्याभरात स्वतःचं एक पान छापलं नाही तर दोन्ही याद्या वाया. पेरीनेही पहिल्या अंकाच्या ५० प्रतीच काढल्या होत्या.

एका ए-फोर कागदात आठ पानी झिन होतं. कागद आडवा धरा, चार उभे रकाने, दोन ओळी. प्रत्येक घर ७४ बाय १०५ मिलिमीटर. खालच्या ओळीत डावीकडून ८, १, २, ३, सुलट. वरच्या ओळीत डावीकडून ७, ६, ५, ४, उलटं. घड्या पाडून झाल्या की मधल्या आडव्या घडीवर फक्त मधली दोन घरं कापायची, कडेपर्यंत कात्री न्यायची नाही. लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की पुस्तक तयार. मागची बाजू कोरी राहते, तिथे पोस्टर छापा.

बिघडतं कुठे? एक, समास. मशीन कडेचे चार-पाच मिलिमीटर छापत नाही, म्हणून आठ मिलिमीटर सोडा. नाहीतर वरच्या ओळीची शिरोरेघ उडते आणि मजकूर बोडका दिसतो. दोन, गोंद. पातळ गोंदाने कागद सुरकुततो आणि सुरकुतीची सावली छापून येते. ग्लू स्टिक वापरा, आणि चिकटवलेल्या तुकड्यांच्या कडा व्हाइटनरने पुसा. तीन, आणि मराठीत हे सगळ्यात घातक: झेरॉक्सची झेरॉक्स. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत अनुस्वार उडतो. 'तरुणांची चिंता' असा मथळा 'तरुणाची चिता' होऊन बाहेर पडतो. मूळ प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा, प्रत्येक खेप तिच्यावरूनच काढा. टाइप ११ पॉइंटच्या खाली नको. फोटो असेल तर करडा भाग कमी करून काळा-पांढरा फरक वाढवा, नाहीतर चेहऱ्याजागी डाग येतो.

सोळा पानी हवं असेल तर चार कागद, मधून दुमडलेले. शेजारच्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज १७ यायला हवी: १६ आणि १, त्याच कागदाच्या पाठीवर २ आणि १५. दुकानदाराला पाठपोट काढताना 'आखूड कडेवर पलट' असं सांगा. साधा स्टेपलर मध्यापर्यंत पोचत नाही. तो उघडा करून खाली थर्मोकोल ठेवा, बाहेरून दोन पिना टोचा आणि आतली टोकं चमच्याच्या पाठीने दाबा.

मांडवी_चारदरवाजा

कॉर्डची दुरुस्ती घेतली. हेब्डिज मॅकरॉबीबरोबर देईन, क्रास आणि 'स्पायरल स्क्रॅच'ही जोडतो. क्रम मात्र सोडत नाही. पोरं ज्या दारातून आत आलीत ते दार गाण्याचं आहे. पहिल्याच दिवशी जाहीरनामा हातात दिला तर अभ्यासक्रम वाटतो. सॅव्हेज झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात ढाले द्या, तेव्हा ३०० आणि ५० रुपयांचा हिशोब चटका देईल.

कमाटीबाग

तो चटका पहिल्या आठवड्यात का नको, याचं उत्तर यात नाही.

दांडियाबाजार_नवखी

वादात पडत नाही. रावपुराभाऊ, आठ पानी करून पाहिलं. घडी घातल्यावर ३ नंतर थेट ७ येतंय, मग ६, ५, ४. अक्षरं उलटी नाहीत, सगळी सुलट वाचता येतात. कुठे चुकलं?

रावपुरा_झेरॉक्स

वरच्या ओळीत डावीकडून ४, ५, ६, ७ असं चिकटवलंय आणि एकेक तुकडा तिथल्या तिथे उलटा केलाय. त्यामुळे अक्षरं बरोबर, क्रम चुकीचा. तुकडे फिरवायचे नसतात, अख्खा कागद फिरवून मग डावीकडून ४ पासून लावायचं असतं. आता सगळं उचकटू नका. फक्त ४ आणि ७ ची अदलाबदल करा, ५ आणि ६ ची करा. आणि पन्नास प्रती काढण्याआधी एक काढून घडी घालून बघा.