मनीचे कान आणि जिन्यातील मांजरे

बी-४०३ : सर्वांना नमस्कार. आमची मनी आठ दिवसांपासून सारखी डोके झटकते आणि मागच्या पायाने कान इतका ओरबाडते की कानामागचे केस जाऊन तेथे खपली धरली आहे. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट, कोरडा मळ दिसतो. काल कापसाने पुसला, तर आज पुन्हा तितकाच साचला आहे. खोबरेल तेलात कापूर घालून दोन थेंब सोडावेत, असे सासूबाईंचे म्हणणे आहे. सोडू का?

ए-१०२ : काकू, कृपया कापूर मुळीच वापरू नका. कानातून बाहेर आलेले तेल मांजर पंजाने पुसते आणि तो पंजा चाटते. कापूर मांजरांना विषारी आहे. तुमच्या वर्णनावरून हे कानातले माइट्स असावेत, ज्यांना आपण सर्रास 'कानात किडे झाले' असे म्हणतो. हे कोळ्याच्या जातकुळीतले, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरएवढे जीव असतात. मात्र यीस्टच्या किंवा जिवाणूंच्या संसर्गातही असाच काळा मळ येतो, म्हणून आधी डॉक्टरांकडून मळ सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा. कानाचा पडदा शाबूत आहे ना, हेही ते पाहतील, कारण पडदा फाटलेला असताना चुकीचे औषध आत गेले तर मांजराचा तोल जाऊ शकतो किंवा त्याला बहिरेपणही येऊ शकते.

बी-४०३ : धन्यवाद. संध्याकाळी दवाखान्यात नेते. तोवर इअरबडने कान साफ करून ठेवू का?

ए-१०२ : नको, बडने मळ आणखी आत ढकलला जातो. उलट आज मळ तसाच राहू द्या, म्हणजे डॉक्टरांना तपासायला मिळेल. पुढे ते कान धुण्याचे द्रावण देतील. ते कानात सोडून कानाचे मूळ हलके चोळायचे, तिला डोके झटकू द्यायचे आणि वर आलेली घाण तेवढी कापसाने टिपायची. दुखणे अंगावर काढू नका. गेल्या वर्षी आमच्या बोक्याने डोके झटकून झटकून पाळीतली रक्तवाहिनी फोडून घेतली, पाळी पुरीसारखी टम्म फुगली आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागली.

सी-६०४ : आमच्या कुत्र्याच्या गोचिडांसाठी आणलेल्या स्पॉट-ऑन (कातडीवर थेंब सोडायच्या) औषधाची एक नळी शिल्लक आहे. ती काकूंना देऊ का?

ए-१०२ : दादा, ती नळी मांजरापासून लांबच ठेवा. कुत्र्यांच्या अशा अनेक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि त्याने मांजराला झटके येऊन ते दगावू शकते. मांजरांसाठी सेलामेक्टिनसारखी वेगळी औषधे मिळतात. ती वजन पाहून मानेवर, जिथे तिची जीभ पोहोचत नाही तिथे, लावायची असतात. तुमच्या कुत्र्याचे कान मात्र तपासून घ्या, कारण हेच माइट्स कुत्र्यांनाही होतात.

ए-५०१ : माझी नातवंडे मनीला कुशीत घेऊन झोपतात. हे किडे मुलांच्या कानात जातील का?

ए-१०२ : आजोबा, माणसाच्या अंगावर ते टिकत नाहीत, क्वचित कोणाला थोडे खाजरे पुरळ येते आणि जाते. अर्थात, मुद्दाम अनुभव घेणारेही असतात. रॉबर्ट लोपेझ नावाच्या अमेरिकी पशुवैद्यांनी मांजराच्या कानातले माइट्स स्वतःच्या कानात घालून घेतले होते, आणि त्याबद्दल १९९४ साली त्यांना विनोदी संशोधनाचे इग नोबेल मिळाले. नातवंडांना एवढे धाडस करण्याची गरज नाही.

बी-४०३ : आत्ताच दवाखान्यातून आलो, माइट्सच निघाले. पण मनीला हे जूनमध्येही झाले होते आणि तेव्हा ड्रॉप्स घालून ती बरी झाली होती. मग पुन्हा कसे झाले?

ए-१०२ : ड्रॉप्स किती दिवस घातले होते?

बी-४०३ : सहा-सात दिवस. खाजवणे थांबले, म्हणून बंद केले.

ए-१०२ : तेच एक कारण असावे. अंड्यापासून पूर्ण वाढलेला माइट तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, आणि अनेक औषधे अंड्यांवर चालत नाहीत. त्यामुळे आपण औषध थांबवतो तेव्हा पुढची पिढी नुकती बाहेर पडत असते. दुसरे कारण आपल्या जिन्यात आहे. मनी दुपारी मीटर रूमपाशी बसते आणि तेथल्या तिन्ही मांजरांचे कान मी आज टॉर्चने पाहिले. तिघांचेही काळे आहेत. एकटीवर कितीही उपचार केले तरी ती संसर्ग पुन्हा घरी आणणारच, म्हणून या तिघांना आणि मनीला एकाच दिवशी औषध लागले पाहिजे.

सचिव : सोसायटीच्या निधीतून हा खर्च समितीच्या मंजुरीशिवाय करता येणार नाही. स्वेच्छेने वर्गणी काढण्यास मात्र कोणतीही हरकत नाही. माझे नाव पहिले लिहावे.

सी-६०४ : दुसरे माझे. त्या तिघांतल्या एका मांजरीला पिल्ले झाली आहेत, त्यांचे काय?

ए-१०२ : पिल्ले महिन्याभराचीच आहेत आणि सेलामेक्टिन आठ आठवड्यांच्या आतील पिल्लांना देत नाहीत, त्यांना आईबरोबर डॉक्टरांना दाखवू. रविवारी सकाळी सात वाजता, दूध येण्याच्या वेळी, चौघीही हमखास सापडतात. जाळीची पिशवी माझ्याकडे एकच आहे. आणखी कोणाकडे असल्यास शनिवारी रात्री वॉचमनकडे ठेवावी.

बी-४०३ : माझ्याकडे आहे. जुना टॉवेलही ठेवते.