सी लायनशी गाठ पडली तेव्हा : नागपूरकरांनो, लिहा!

ताडोबा-पेंचला जिप्सीत बसून वाघाची वाट पाहण्यात आपली हयात गेली. पण जनावर स्वतःच चालत आपल्यापाशी आलं तर? दूरच्या बेटांवर ज्यांना सी लायन (सीलसारखा दिसणारा समुद्री प्राणी) भेटले, त्यांनी जरूर लिहा. नुसते फोटो नकोत, काय घडलं ते सांगा. सुरुवात मीच करतो; खाली तुमचे अनुभव, नागपुरातल्या वस्तीच्या नावाने.

गालापागोस बेटांमधलं सान क्रिस्तोबाल. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर आत समुद्रात. बंदरावरच्या बाकांवर माणसं कमी, सी लायन जास्त. अंतर किमान दोन मीटर ठेवायचं हा तिथल्या राष्ट्रीय उद्यानाचा नियम, पण तो त्यांना कोण सांगणार! मी मागे सरकलो की पठ्ठ्या पुढे. फोटोत जे कधीच कळत नाही ते म्हणजे वास. सडक्या मासळीचा, डोकं उठवणारा. आणि रात्रभर नरांचं भुंकणं.

सक्करदरा : आम्ही गालापागोसच्याच सांताक्रूझ बेटावर होतो, पुएर्तो आयोराच्या मासळी बाजारात. मासोळी कापणाऱ्या बाईच्या मांगं एक सी लायन गिऱ्हाइकावानी उभा, बाजूला पेलिकन. बाई त्याले ढकलते, थो काही हलत नाही. शेवटी एक तुकडा भेटला तवा गप झाला. आमची मंडळी पक्की शाकाहारी, नाकाले पदर लावून होती, पण हॉटेलात चाल म्हनलं तर हालेचना!

धरमपेठ : गालापागोसलाच स्नॉर्केलिंगचा, म्हणजे नळीने श्वास घेत पाण्यात तोंड घालून पोहण्याचा अनुभव. विषुववृत्तावर असूनही पाणी थंडगार, हम्बोल्ट नावाच्या थंड सागरी प्रवाहामुळे. वेटसूट नसता तर दात वाजले असते. पिल्लं थेट तोंडासमोर येऊन बुडबुडे सोडायची, पायातल्या फिनचं (पोहण्याच्या वल्ह्याचं) टोक चावून पळायची. मग खालून एक भलामोठा नर आला. हे मोठे नर अडीचशे किलोपर्यंत भरतात आणि आपला किनारा राखत फिरतात. गाइडने हात केला आणि आम्ही सगळे मुकाट बोटीत.

मनीषनगर : मुलगा ॲडलेडला असतो, त्याने कांगारू बेटावर सील बे हा किनारा दाखवला. तिथे वाळूत उतरायचं तर रेंजरसोबतच. माद्या दोन-तीन दिवस समुद्रात शिकार करून येतात आणि मेल्यासारख्या झोपतात. एक पिल्लू एकटंच ओरडत होतं. माझा जीव खालीवर! रेंजर म्हणाली, आई शिकारीला गेली असेल, आली की आवाजावरून आणि वासावरून ओळखेल, आपण मध्ये पडायचं नाही. मला ते काही पटलं नाही. निघेपर्यंत माझं लक्ष पाण्याकडेच होतं. आई दिसली नाही.

त्रिमूर्तीनगर : सील आणि सी लायन एकच ना?

धरमपेठ : नाही. सी लायनला बाहेरून छोटे कान दिसतात आणि मागचे पाय पुढे वळवून तो चक्क चालतो. सील पोटावर सरपटतो.

मनीषनगर : सील बेला सी लायनच आहेत हो, नावावर जाऊ नका.

त्रिमूर्तीनगर : बरं. पुढच्या वर्षी गालापागोसचा विचार आहे. खर्चाचं कसं? आणि सेल्फी चालतो का?

त्याचं उत्तर मीच देतो : विमान इक्वेडोरमधल्या कितो किंवा ग्वायाकिलहून. उद्यानाचं शुल्क परदेशी पर्यटकाला ऑगस्ट २०२४ पासून २०० डॉलर, आधी १०० होतं. सेल्फी काढा, पण फ्लॅश बंद, आणि दोन मीटर लांबून. जवळ तर तोच येईल.